सौभद्रांतील न आलेली नायिका

‘सौभद्रा’विषयीं नवें असें आतां काय सांगावयाचें राहिलें आहे, असा प्रश्न हें शीर्षक वाचून कोणीहि करील. १८८२ च्या नोव्हेंबरांत पुण्यास त्याचे पहिले तीन अंक रंगभूमीवर आले, पुढल्या वर्षीं पांचहि अंक झाले, आणि तेव्हांपासून मराठी माणसाचें ह्या नाटकावरील प्रेम कधीं आटलेलें नाहीं. त्याच्या पदांविषयीं, भाऊराव कोल्हटकरांच्या सुभद्रेविषयीं, पुढें बालगंधर्वांविषयीं पुष्कळ लिहिलें गेलें आहे. मलाहि लेखणी उचलण्याचें कारण पडलें नसतें. तें माझ्या भाचीनें दिलें.

कांहीं वर्षांपूर्वीं गिरगांवांत, केळेवाडींतील साहित्य संघाच्या नाट्यगृहांत, मी तिला ‘सौभद्रा’च्या प्रयोगास घेऊन गेलों होतों. मुलगी महाविद्यालयांत शिकणारी, वाचनाची आवड असलेली. परंतु तिच्या करमणुकीचा मुख्य विषय म्हणजे ‘ॲनिमे’ ह्या नांवानें ओळखल्या जाणाऱ्या जपानी चित्रमालिका. प्रयोग संपला आणि आम्ही ठाकुरद्वाराच्या बाजूस चालूं लागलों, तेव्हां ती म्हणाली, “मामा, गाणीं फारच सुंदर आहेत. पण हें तर हॅरेम झालें!”

मी थबकलोंच. मग तिनें मला समजावून सांगितलें. ह्या जपानी मालिकांत ‘हॅरेम’ म्हणून एक ठरीव प्रकार आहे. शब्द मूळचा अरबी. आपण ज्याला जनानखाना म्हणतों तोच. एक तरुण, बहुधा साधाभोळा. त्याच्याभोंवतीं चार, पांच, क्वचित् त्याहून अधिक मुली. सगळ्याच त्याच्यावर अनुरक्त. शेवटीं तो कोणाची निवड करतो, ह्या कुतूहलावर वर्षानुवर्षें कथा चालते. मी किंचित् रागावून म्हटलें कीं, सौभद्रांत तसें कांहीं नाहीं. अर्जुनाचें मन एका सुभद्रेवर आहे. “नाटकांत आहे ना,” ती म्हणाली, “मग द्रौपदी कुठें गेली? आणि ती नागकन्या? आणि मणिपूरची ती?”

ह्या प्रश्नाचें उत्तर मला त्या रात्रीं देतां आलें नाहीं. तें शोधतांना नाटकाविषयींचें माझें मत थोडें बदललें, तें येथें मांडीत आहें.

प्रथम त्याच्या गुणांविषयीं. कथा सर्वांस ठाऊक आहे. सुभद्रा आणि अर्जुन ह्यांचीं मनें एकमेकांवर जडलेलीं. वडील बंधु बलराम मात्र तिला आपल्या शिष्यास, दुर्योधनास, देऊं पाहतो. तीर्थयात्रेंत असलेल्या अर्जुनाला नारद ही वार्ता सांगतो. श्रीकृष्ण आडून सूत्रें हालवीत असतो. घटोत्कच सुभद्रेला उचलून अरण्यांत आणतो. आणि शेवटीं अर्जुन त्रिदंडी यतीच्या वेषानें खुद्द बलरामाचाच पाहुणा होऊन राहतो. म्हणजे जो तिला दुसरीकडे द्यावयास निघाला, तोच आपल्या हातानें तिला अर्जुनाच्या सेवेस लावतो. प्रेक्षकाला आरंभापासून सर्व ठाऊक असतें, ठाऊक नसतें तें एकट्या बलरामाला. आणि ह्या एका युक्तीवर अण्णासाहेब किर्लोस्करांनीं अर्धें नाटक तोलून धरलें आहे. बलरामाला त्यांनीं खलपुरुष केलें नाहीं, ही त्यांची मोठीच समजूत. तो तापट आहे, शब्दाचा पक्का आहे, बहिणीवर त्याची माया आहे, आणि ती माया तिला विचारून करावी हें त्याच्या स्वप्नांतहि येत नाहीं. असे वडील बंधु पुण्यामुंबईच्या घराघरांत होते.

द्वारकाहि अशीच. ती सोन्याची असेल. पण तिच्यांतील माणसें बोलतात तीं सुखवस्तु वाड्यांतल्या माणसांसारखीं. रुसलेल्या रुक्मिणीला श्रीकृष्ण समजावतो तो प्रवेश पाहावा. परमेश्वर म्हणून तो तेथें क्षणभरहि वावरत नाहीं. घरच्या माणसाच्या रुसव्यापुढें कोणाहि यजमानाची जी गत होते, तीच त्याची. पूर्वीच्या पौराणिक खेळांतील राक्षसांच्या आरोळ्या आणि विदूषकाच्या कोलांट्या ज्यांनीं पाहिल्या होत्या, त्यांना हें किती नवें वाटलें असेल! पदेंहि संभाषणाच्या ओघांत येतात. साकी, दिंडी, लावणीच्या चाली, कर्नाटकांतून आलेल्या चाली, जें लोकांच्या कानीं बसलेलें होतें तेंच त्यांनीं घेतलें, आणि पद संपलें कीं कथा एक पाऊल पुढें गेलेली असे. पुढें गायकनटांच्या काळांत एकेका पदाला घटका घटका लागूं लागली. तो दोष अण्णासाहेबांचा नव्हे. आजच्या प्रयोगांत कात्री लागते ती गद्याला, आणि त्यामुळें कित्येकदां पात्र कां गात आहे हेंच नव्या प्रेक्षकाला कळत नाहीं. भाचीला दोनदां मला कानांत सांगावें लागलें.

परंतु सर्वांत मोठा गुण सुभद्रेच्या दुःखाचा आहे. तें दुःख खरें आहे. न विचारतां आपल्याला देऊन टाकतात, ह्या जाणिवेंतून तें उगवलें आहे, आणि नाटककारानें त्याची थट्टा केलेली नाहीं. पांचहि अंक रंगभूमीवर आल्यावर पुढल्याच वर्षीं, १८८४ सालीं, मुंबईच्या हायकोर्टांत दादाजी भिकाजी ह्यानें रखमाबाईंवर दावा लावला. बालपणीं लावून दिलेल्या लग्नाच्या नवऱ्याकडे नांदावयास जाण्यास त्यांनीं साफ नकार दिला होता. १८८५ सालीं न्यायमूर्ति पिन्हे ह्यांनीं रखमाबाईंच्या बाजूनें निकाल दिला. १८८७ सालीं तो फिरून, नवऱ्याकडे जा नाहींतर सहा महिने तुरुंगांत जा, असा हुकूम झाला. त्यांनीं तुरुंग पत्करण्याची तयारी दाखविली, आणि १८८८ सालीं तडजोडीनें तें प्रकरण मिटलें. त्या चार वर्षांत वर्तमानपत्रांतून ह्या बाईंवर किती आग पाखडली गेली! आणि त्याच काळांत तेच शिकलेले गृहस्थ नाट्यगृहांत बसून, बलरामाला न जुमानणाऱ्या सुभद्रेसाठीं डोळे पुशीत होते. नाटकानें त्यांच्या मनांत एक फट पाडली होती. ती कायद्यापर्यंत जावयास वेळ लागला, इतकेंच.

आतां भाचीच्या प्रश्नाकडे वळूं.

महाभारताच्या आदिपर्वांत अर्जुन तीर्थयात्रेस कां निघाला? द्रौपदी एका भावाजवळ असतां दुसऱ्यानें तेथें जाऊं नये, असा पांडवांचा करार होता. एका ब्राह्मणाच्या गाई सोडविण्यासाठीं शस्त्रें आणावयास अर्जुन आंत गेला. तेथें युधिष्ठिर आणि द्रौपदी होतीं. म्हणून हा वनवास. म्हणजे कथेच्या मुळाशींच द्रौपदी आहे. ह्या वनवासांत गंगेच्या कांठीं उलूपी त्याला नागलोकीं नेते. पुढें मणिपुरांत तो चित्रांगदेशीं लग्न करतो आणि तिला माहेरींच ठेवून निघतो, कारण तिचा मुलगा तिच्या बापाच्या वंशाला द्यावयाचा असतो. मग रैवतकाच्या उत्सवांत सुभद्रा दिसते. ब्रह्मचर्यानें राहावयास निघालेल्या पुरुषाचा हा हिशेब आहे. व्यासांनीं तो लपविलेला नाहीं.

आणि नंतरचा प्रसंग तर विलक्षणच. नव्या वधूला घेऊन अर्जुन घरीं येतो. द्रौपदी त्याला म्हणते कीं, जा तिच्याकडेच. भाऱ्याला दुसरी गांठ मारली कीं पहिली आपोआप सैल पडते. हें मी माझ्या शब्दांत सांगत आहें. मूळांत त्याला फार धार आहे. अर्जुन परोपरीनें विनवतो. मग तो सुभद्रेला राजकन्येचा वेष उतरवून तांबड्या रेशमी वस्त्रांत, गवळणीच्या वेषानें, आंत पाठवितो. ती कुंतीच्या पायां पडते, द्रौपदीच्या पायां पडते आणि म्हणते, मी तुझी दासी. द्रौपदी उठून तिला पोटाशीं धरते आणि आशीर्वाद देते कीं, तुझा पति निःसपत्न होवो. सपत्न म्हणजे शत्रु. पण सपत्नी म्हणजे सवत. हा शब्द उच्चारतांना द्रौपदीच्या जिभेवर काय आलें असेल, ह्याचा विचार करीत मी पुष्कळ वेळां पुस्तक मिटून बसलों आहें.

सौभद्रांत ह्यांतील कांहीं नाहीं. द्रौपदी रंगभूमीवर येत नाहीं. नाटक द्वारकेंतच संपतें, आणि बलरामाचा राग शमला कीं सर्व शमलें. ह्याचें एक कारण मूळ आधारांत सांपडतें. यतिवेषाची आणि बलरामाच्या आमंत्रणाची जी कथा अण्णासाहेबांनीं घेतली, ती भागवताच्या दशम स्कंधांत आहे, आणि भागवतकारांची कथाहि द्वारकेंतच, बलरामानें पाठविलेल्या आहेरांवर, संपते. सुभद्रा घरीं गेल्यावर काय झालें, हें विचारण्याची भागवतास गरज नव्हती. त्याचा डोळा श्रीकृष्णावर होता. अण्णासाहेबांचा डोळा मात्र सुभद्रेवर होता. ज्यानें ह्या मुलीचें मन इतकें उघडून दाखविलें, त्यानें ती कोणत्या घरांत चालली आहे हें दाखवूं नये, हा मला ह्या नाटकाचा खरा उणेपणा वाटतो.

घटोत्कचाचीहि गंमत पाहावी. तो हिडिंबेचा मुलगा. भीमानें हिडिंबेशीं लग्न केलें, मूल होईपर्यंत तिच्याजवळ राहिला, आणि मग पांडव आपल्या वाटेनें निघून गेले. त्या अरण्यांत मागें राहिलेल्या बाईचा मुलगा चुलत्याच्या नव्या लग्नासाठीं राबतो, आणि प्रेक्षक त्याच्या अक्राळविक्राळ रूपाला हंसतात. मीहि हंसलों आहें.

कोणी म्हणेल कीं, सुखान्त नाटकांत सवतीला आणून रंगाचा बेरंग कशाला करावा? पण आपल्या जुन्या नाटककारांनीं असा बेरंग करून रंग वाढविला आहे. ‘मालविकाग्निमित्रां’त धाकटी राणी इरावती मद्याच्या धुंदींत येऊन कमरपट्ट्यानें राजाला मारावयास निघते, आणि शेवटीं मालविकेचा हात राजाच्या हातीं देते ती थोरली राणी धारिणी. ‘शाकुंतला’च्या पांचव्या अंकाच्या आरंभीं तर पडद्याआडून हंसपदिकेचें गाणें ऐकूं येतें, एकदां आवडली आणि मग विसरली गेली, अशी ती स्त्री. दुष्यंत तें ऐकून अस्वस्थ होतो आणि विदूषकाला तिची समजूत घालावयास धाडतो. ती रंगभूमीवर येत नाहीं, फक्त तिचा सूर येतो. पण त्या सुरामुळें पुढें शकुंतलेचें काय होणार ह्याची छाया पडते. हेंच ‘शाकुंतल’ अण्णासाहेबांनीं १८८० सालीं मराठीं रंगभूमीवर आणलें होतें. टाकलेल्या स्त्रीचें एक गाणें काय करूं शकतें, हें त्यांना शिकविण्याची गरज नव्हती. तरी दोन वर्षांनीं त्यांनीं तो सूर वगळला.

कां वगळला असेल? मला वाटतें, समोर बसलेल्या प्रेक्षकांकडे पाहून. बापाला किंवा भावाला न विचारतां मन जडावें, हें त्या काळीं कथेंत तरी गोड वाटत होतें. पहिली बायको जिवंत असतां दुसरी करणें ही मात्र रोजची गोष्ट होती, आणि रोजच्या गोष्टीला वाचा फोडणें अवघड. मुंबई इलाख्यांत हिंदूंना दुसरी बायको करण्यास कायद्यानें बंदी झाली ती १९४६ सालीं; देशभर तें १९५५ च्या हिंदु विवाह कायद्यानें झालें. त्याआधीं गिरगांवांतल्या किती चाळींतून एका चुलीवर दोघी स्वयंपाक करीत असतील!

आमच्याहि घरांत दोन आज्या होत्या, मोठी आणि धाकटी. मोठीला मूल झालें नाहीं म्हणून आजोबांनीं १९३६ सालीं दुसरें लग्न केलें. आम्ही सारीं नातवंडें धाकटीचीं. परंतु न्हाऊंमाखूं घातलें तें मोठीनें. दोघींचें भांडण मीं कधीं ऐकलें नाहीं. रेडिओवर सौभद्राचीं पदें लागलीं म्हणजे धाकटी आजी हातांतलें काम टाकून गुणगुणूं लागे. मोठी तांदूळ निवडीत बसे. मी आठनऊ वर्षांचा असेन, तेव्हां एकदां तिनें मान वर न करतां मला विचारलें, “ह्यांत द्रौपदी कधीं येते रे?” मीं नाटक पाहिलें नव्हतें. “येत असेल शेवटीं,” मीं सांगितलें. तें खरें नव्हे हें मला कळलें, तोंवर ती वारली होती.

हें सर्व मनांत घोळत असतां मीं भाचीकडून तिची आवडती मालिका पाहून घेतली. इंग्रजींत तिला ‘द क्विंटेसेन्शियल क्विंटप्लेट्स’ म्हणतात. मूळ जपानी नांवाचा अर्थ ‘पांच सारख्या भागांत वांटलेली वधू’ असा कांहींसा आहे. हारुबा नेगी ह्यांची ही चित्रकथा २०१७ ते २०२० ह्या काळांत एका साप्ताहिकांतून क्रमशः आली आणि चौदा खंडांत निघाली. तिच्यावरील मालिकेचे दोन भाग २०१९ आणि २०२१ सालीं, व समारोपाचा चित्रपट २०२२ सालीं झाला. फूतारो नांवाचा एक गरीब, अभ्यासू विद्यार्थी, घरावर कर्ज, म्हणून तो पांच बहिणींची शिकवणी धरतो. पांचहि एकाच वेळीं जन्मलेल्या, हुबेहूब सारख्या, आणि अभ्यासांत सारख्याच कच्च्या. आरंभींच आपल्याला दाखवितात कीं, पुढें ह्या पांचांतील एकीशीं त्याचें लग्न झालें आहे. कोणाशीं, हें शेवटपर्यंत झांकलेलें.

ह्या मालिकेचे दोष डोळ्यांवर येतात. मुलींच्या शरीरांकडे चित्रकार ज्या नजरेनें वारंवार पाहतो, ती कथेला शोभत नाहीं. भाचीलाहि तें आवडत नाहीं, आणि ती अशा जागीं चित्र पुढें ढकलते. आरंभीं प्रत्येक मुलगी एकेका लक्षणाची बाहुली आहे: एक चिडकी, एक अबोल, एक खादाड. नायक इतका मंद आहे कीं, तो मंद नसता तर मालिका चार भागांत आटोपली असती, अशी शंका येते. पहिल्या वर्षाचीं चित्रें तर कांहीं ठिकाणीं घाईनें काढल्यासारखीं विद्रूप आहेत.

तथापि एक गोष्ट तेथें आहे, जी मला सौभद्रांत सांपडली नाहीं. ज्या चौघींची निवड व्हावयाची नाहीं, त्या शेवटपर्यंत डोळ्यांसमोर राहतात. त्यांचें एकमेकींवरचें प्रेम नायकावरच्या प्रेमाहून जुनें आहे, आणि एकीचें सुख म्हणजे उरलेल्या चौघींचें दुःख हें प्रत्येकीला कळतें. कथेंतील उत्तम प्रवेश ह्या कळण्यांतून निघाले आहेत. एक बहीण दुसरीचा वेष घेऊन तिला फसवते आणि मग त्या फसवणुकीच्या लाजेनें पोळते, तो भाग मला फार खरा वाटला. शेवटीं लग्नाच्या दिवशीं पांचहि जणी वधूच्या वेषांत नायकापुढें उभ्या राहतात: ओळख कोण कोण! तो एकेकीला बरोबर ओळखतो आणि प्रत्येकीशीं दोन शब्द बोलतो. वधू कोण तें येथें लिहीत नाहीं. तशी मला सक्त ताकीद आहे. पण ज्यांच्याशीं त्याचें लग्न व्हावयाचें नाहीं, अशा चौघींना नांवानें ओळखून मग बोहल्यावर चढणारा हा पोरगा मला अर्जुनाहून सरळ वाटला, हें कबूल केलें पाहिजे. पांचांतून एक निवडावी लागणें ही त्याची अडचण आहे. अर्जुनाला ती नव्हती, आणि म्हणून कोणाला ओळखण्याचीहि गरज पडली नाहीं.

मराठी रंगभूमीनें ह्या बायकांना कधींच पुढें आणलें नाहीं असें मात्र नव्हे. १९६२ सालीं आचार्य अत्र्यांचें ‘तो मी नव्हेच’ आलें. निपाणीचा तंबाखूचा व्यापारी लाखोबा लोखंडे निरनिराळीं नांवें आणि वेष घेऊन एकामागून एक स्त्रियांना फसवतो. आणि नाटक घडतें तें कोर्टांत, जेथें त्या एकेक करून साक्षीस उभ्या राहतात. बंदीचा कायदा होऊन गेला होता, म्हणून हें शक्य झालें. द्रौपदी, उलूपी, चित्रांगदा एका पिंजऱ्यासमोर आल्या म्हणा ना! पण तेथेंहि एक विपरीत घडलें. प्रभाकर पणशीकरांनीं लाखोबाच्या सर्व भूमिका इतक्या झोंकांत केल्या, आणि फिरत्या रंगमंचानें त्यांना इतकी गति दिली, कीं टाळ्या साऱ्या त्या ठकाला. त्याची साळसूद नकारघंटा लोकांच्या तोंडीं बसली. साक्ष देणाऱ्या बायकांपैकीं एकीचें तरी वाक्य कोणाला आठवतें काय? मीं दादरला, शिवाजी मंदिरांत, तें नाटक दोनदां पाहिलें आहे, आणि मलाहि आठवत नाहीं.

सौभद्राचे प्रयोग अजून होतात आणि व्हावेत. त्यांत द्रौपदीचा अंक कोणी नव्यानें लिहून जोडावा असें मी म्हणणार नाहीं; अण्णासाहेबांच्या नाटकाला ठिगळ लावण्याचा अधिकार कोणाला नाहीं. भाचीचें मत निराळें. ती म्हणते, अंक नको, पण शेवटच्या मंगलप्रसंगीं पडद्याआडून एक पद ऐकूं यावें, हंसपदिकेसारखें. कोणाचें तें सांगूं नये, ज्याला कळेल त्याला कळेल. मग कोणत्या रागांत, ह्यावर आमचा वाद झाला. तिनें भैरवी सुचविली. भैरवी नको, असें मीं सांगितलें. भैरवी सुरू झाली कीं लोक चपला शोधूं लागतात.